सत्त्याऐंशीव्या मिनिटाचं भांडण

नेल्सन, रविवारी लियांगची शेवटची मॅच झाली. त्याच्या एकोणीस दिवस आधी तू गेलास. एकोणीस दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं, म्हणून रविवारची अख्खी दुपार मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. गेलेल्या माणसाशी भांडू नये, असं आई म्हणते. पण अकरा वर्षं शेजारी बसून आपण दुसरं केलं काय? आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण तर तू अर्धवट टाकून गेलास.

तुझ्या अंत्यविधीच्या दिवशी मरोळच्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर तुझ्या बायकोचा, फिलोमिना आंटीचा, भाऊ माझ्याजवळ आला. म्हणाला, "तू त्याच्या ऑफिसातली ना? नेल्सन नक्की काम काय करायचा ते आम्हाला आजपर्यंत नीट कळलं नाय." मी सांगितलं, चीनमधल्या फुटबॉलच्या मॅच तो अंधेरीच्या एमआयडीसीत बसून बघायचा. कुठल्या नंबरने कोणाला बॉल दिला, तो पोचला की नाही, कोणी हिसकावला, हे मोठ्याने बोलत जायचा. मी शेजारी बसून ते टाइप करायचे. एक बोलणारा, एक लिहिणारा, असं दोघांचं काम. "आणि हे वाचतं कोण?" त्यांनी विचारलं. क्लबवाले वाचतात, टीव्हीवाले वाचतात, असं ऐकलंय, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तुझं आयुष्यभराचं काम मी चार वाक्यांत संपवलं, याची मला घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली.

मला माझा पहिला दिवस आठवला. मी तेवीस वर्षांची, मुलुंडहून दोन वाहनं बदलून आलेली, आणि तू चाळिशी ओलांडलेला. मी तुला 'सर' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं. तू स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालास, "इथे तुम्ही-बिम्ही म्हणायला टाइम नाय. तू 'तुम्ही' म्हणेपर्यंत बॉल तिसऱ्याकडे जातो." त्या दिवसापासून तू 'तू' झालास तो आजतागायत. माझ्या आईला हे कधीच पटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला एकेरी बोलतेस, म्हणायची. तिला कसं सांगणार, की तुला आदराने हाक मारली असती तर अर्धी मॅच हातची गेली असती.

ऑफिसात सगळ्यांना युरोप हवा असायचा. तू मात्र चीन मागून घेतलंस, कारण चीनची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, आणि तुला सातच्या आत घरी जाऊन आंटीच्या हातचं जेवायचं असायचं. लोक हसायचे. चीनमध्ये फुटबॉल खेळतात तरी का, असं चिडवायचे. तू चिडला नाहीस. तिथल्या कॉमेंट्रीतला एक शब्द तेवढा उचललास, 'हाओ छ्यू', म्हणजे झकास बॉल. चहा बरा झाला की तू चहावाल्याला तो ऐकवायचास आणि तो बिचारा 'थँक्यू' म्हणायचा.

लियांग त्याच वर्षी आला. मी नवी, तोही नवा. उत्तरेतल्या कुठल्याशा कारखान्यांच्या शहरातला क्लब, बदली म्हणून शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरलेला, सहा नंबरचा, काड्यांसारखे पाय. त्याचा पहिलाच पास थेट समोरच्या टीमकडे गेला. तू म्हणालास, "सहा. चुकला." मग थोडं थांबून, "ह्याला ध्यानात ठेव." मी विचारलं, चुकला म्हणून? "नाय गं. बॉल यायच्या आधी दोनदा मागे बघितलं त्याने. विसाव्या वर्षी कोणी बघत नाय." तेव्हा मला काही दिसलं नव्हतं. मला फक्त नंबर दिसायचे. कोण बॉल नसताना काय करतो, हे बघायला तू शिकवलंस, आणि शिकवतोयस असं एकदाही न दाखवता.

मग तो आपला झाला. आपल्याला त्याच्याबद्दल ठाऊक होतं ते फक्त स्क्रीनवर दिसलेलं. डावा मोजा सारखा वर ओढायची सवय, रेफरीशी कधीही न भांडणं, गोल झाला की मिठ्या मारायला न जाता आपल्या जागेवर परत येऊन उभं राहणं. अकरा वर्षांत त्याने स्वतः एकच गोल केला, तोही कोणाच्या तरी पाठीला लागून गेला. देशाच्या टीममध्ये त्याला कोणी घेतलं नाही. तरी तू म्हणायचास, ह्याला काढा आणि बघा टीमचं काय होतं ते. पुढे पुढे तर मरोळ नाक्यावर रस्ता ओलांडताना तूही दोनदा मागे बघायला लागलास. मी हसले की म्हणायचास, "रिक्षा मागूनच येते."

लॉकडाऊनमध्ये आपण घरून काम केलं. तू मरोळला, मी मुलुंडला, फोन कानाला लावून. आमचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर. आई दुपारभर फोनमधून गळणारा तुझा आवाज ऐकायची: सहा, पोचला, सहा, पोचला, सहा, पोचला. शेवटी म्हणाली, "हा माणूस जप करतोय काय गं?" तेव्हा मॅचना प्रेक्षक नव्हते, त्यामुळे मैदानावरचं सगळं ऐकू यायचं. एके दिवशी कोणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं आणि कॅमेऱ्यात लियांगचं तोंड उघडं दिसलं. आपण पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकत होतो. तू बोलायचा थांबलास. त्या मॅचच्या नोंदीत तिथे सात सेकंदांचं भोक आहे, आणि त्यावरून तुला मेमो मिळाला होता.

त्याच्यानंतरच्या वर्षी सीझन सुरू झाला आणि यादीत त्याचा क्लबच नव्हता. बंद पडला म्हणाले. तुझी अवस्था बघवत नव्हती. चार महिने तू दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या मॅच चाळत होतास, जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर घेऊन. एक दिवस खुर्ची सरळ माझ्याकडे वळवलीस आणि म्हणालास, "सापडला. दक्षिणेत आहे. अजून दोनदा मागे बघतोय." तुझे डोळे भरलेले होते. मी तुला येडा म्हटलं. आज सांगते, मलाही तितकाच आनंद झाला होता.

माझे बाबा गेले तेव्हा तू मुलुंडला आलास. आमच्या बिल्डिंगखाली मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसलास. बुद्धवंदना चालू झाली तेव्हा सगळ्यांबरोबर उठून उभा राहिलास. मी कामावर परतले त्या दिवशी म्हणालास, "आज तू बोल, मी टाइप करतो. बोलत राहिलं की डोक्यात दुसरं काय येत नाय." तीन आठवडे तू दोन बोटांनी टाइप करत राहिलास, इतका हळू, की प्रत्येक मॅच आपल्याला थांबवून थांबवून संपवावी लागली. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायचं होतं. उद्या म्हणू, असं वाटायचं, कारण उद्या तू तिथेच बसलेला असणार होतास.

आता त्या मॅचकडे येते. तीन वर्षं झाली. लियांगचा गुडघा गेला होता, अकरा महिने बाहेर बसून तो परतलेला. सीझनची शेवटची मॅच, बरोबरी झाली तरी टीम वरच्या लीगमध्ये राहणार. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याच गोलकीपरकडे दिलेला एक मागचा पास तोकडा पडला, समोरच्याने मध्येच उचलला आणि गोल. टीम खाली गेली. तो पास लियांगचा होता. मी बघितलं, तू बघितलंस. आणि तू म्हणालास, "सोळा. चूक."

सोळा म्हणजे डावा बॅक, डावीकडून बचाव करणारा, लियांगपासून दहा पावलांवर उभा. माझी बोटं थांबली. तू परत म्हणालास, "सोळा, प्रज्ञा. लिही." नियम असा, की बोलणारा बोलेल ते लिहिणाऱ्याने लिहायचं. मी लिहिलं.

मॅच संपल्यावर मी दार लावून घेतलं आणि विचारलं, हे काय केलंस? तू शांतपणे पाण्याची बाटली उघडलीस. "पंधरा मिनिटं तो पाय ओढत होता. त्याला तेव्हाच बाहेर घ्यायला हवा होता. चूक कोचची आहे. कोचचा नंबर आपल्याकडे नाय."

"म्हणून सोळाच्या माथी मारलीस?"

"सोळा पुढे सरकून बॉल मागायला आला नाय. आला असता तर ह्याने मागे दिलाच नसता."

"नेल्सन, तूच म्हणतोस ना, जे दिसलं तेच?"

"मला हे दिसलं," तू म्हणालास.

मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. तू बोलायचास, मी टाइप करायचे, बस. तुला माझ्या रागाचं कारण ठाऊक होतं, कारण ते मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. माझे बाबा भांडुपला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. दुसऱ्याच्या हातून बिघडलेल्या मशीनचा मेमो त्यांच्या नावावर फाटला आणि त्यांनी मुकाट्याने सही केली. आमच्या घरात तो विषय शेवटपर्यंत निघाला नाही, पण बाबा त्यानंतर मशीनबद्दल कधी बोलले नाहीत. आधी जेवताना सगळं मशीनचंच चालायचं. त्यांची मुलगी असून मी दुसऱ्या कोणाच्या नावावर चूक टाइप केली होती. पुढच्या सीझनच्या यादीत सोळा नंबरचं नाव दिसलं नाही तेव्हा मी ती यादी तुझ्यासमोर ठेवली. तू म्हणालास, "चीनमधले लोक स्वतःच्या डोळ्यांनी मॅच बघतात. तुझ्या टाइपिंगवर कोणाची नोकरी ठरत नाय." खरंही असेल. पण खात्री तुलाही नव्हती, कारण ते म्हणताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

मग तीन वर्षं तेच. डबा खाताना, रिक्षाच्या रांगेत, तुझ्या मुलीच्या लग्नात वाढपाच्या टेबलापाशीसुद्धा. मी म्हणायचे, दुरुस्त करूया. नियमाप्रमाणे दोघांची संमती लागते, तू हो म्हण. तू म्हणायचास, "लियांग रिटायर होऊ दे, मग बघू." 'मग बघू' म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. तुझ्यासारखा हट्टी माणूस मी जन्मात बघितला नाही.

हॉस्पिटलात मी शेवटची आले तेव्हा फोनवर आदल्या दिवशीची मॅच घेऊन आले होते. फिलोमिना आंटी खाली चहा प्यायला गेली. तू डोळे मिटून पडला होतास, पण कॉमेंट्री सुरू झाली तसे उघडलेस. थोड्या वेळाने ऐकू येईल न येईल असं म्हणायला लागलास, सहा, पोचला. सहा, पोचला. चादरीवर बोट हलत होतं. मी तेव्हा काय करायला हवं होतं? तुझा हात धरायला हवा होता. त्या तीन आठवड्यांबद्दल बोलायला हवं होतं. माझ्या कामात जे काही बरं आहे ते तुझं आहे, हे सांगायला हवं होतं. आणि मी काय म्हटलं? "नेल्सन, आता तरी हो म्हण. सोळाचं बदलून टाकूया." तू माझ्याकडे बघितलंस. "बघू," म्हणालास, आणि तोंड भिंतीकडे केलंस. मी मेट्रोने घरी आले. दोन दिवसांनी आंटीचा फोन आला. आपल्यातला शेवटचा शब्द तो राहिला, आणि त्याला कारण मी आहे. हे मला पुसता येत नाही, नेल्सन. मी रोज प्रयत्न करते.

रविवारी लियांगला अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला बाहेर घेतलं. दुसऱ्या दर्जाची लीग, अर्धं रिकामं मैदान. त्याने कॅप्टनची पट्टी काढून दुसऱ्याच्या दंडावर बांधली, मोजा वर ओढला आणि चालत बाहेर गेला. तुझ्या जागी बसलेली नवी मुलगी म्हणाली, "सहा, बाहेर." तिच्यासाठी ती शेकड्यांतली एक नोंद होती. मी टाइप केलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. लियांगसाठी की तुझ्यासाठी, मला वेगळं करता आलं नाही.

खेळाडू रिटायर झाला की त्याच्या सगळ्या नोंदी एकदा तपासून कायमच्या बंद करतात. नंतर त्यांत कोणालाच हात लावता येत नाही. सोमवारी आपल्या नव्या सुपरवायझरने, बिपिनने, ते काम मला दिलं. बिपिन आला तोवर तू आजारी रजेवर गेला होतास. त्याला तुझं फक्त नाव ठाऊक.

दोन दिवस मी त्या नोंदी वाचत होते. लियांगची सगळी कारकीर्द, तुझ्या तोंडून निघालेली, माझ्या बोटांनी उतरलेली. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि मी हादरले. इतक्या नोंदींत तू कुठेच नाहीस. तू इतकं चोख बोलायचास, की दुसरा कोणी चांगला माणूस बसला असता तर त्यानेही नेमकं तेच म्हटलं असतं. सहा, पोचला. ते सात सेकंदांचं भोक तर रिकामंच; तू फक्त एकाच ओळीत आहेस. सत्त्याऐंशीवं मिनिट, सोळा, चूक. तिथे तुझं प्रेम आहे, तुझा अडेलपणा आहे, तुझा अन्याय आहे. ती ओळ दुरुस्त केली तर तू या सगळ्यातून पुसला जाणार होतास. आणि नाही केली तर एक माणूस न केलेल्या चुकीसकट कायमचा बंद होणार होता, माझ्या हाताने.

बुधवारी दुपारपर्यंत मी नुसती बसून होते. तो तुकडा पुन्हा पाहिला, हळू करून, थांबवून. सहा. शंकेला जागाच नाही. त्याचा पाय ओढला जात होता, हेही खरं. सोळा पुढे आला नाही, हेही खरं. तुला जे दिसलं ते सगळं तिथे होतं. पण बॉल ज्याच्या पायातून सुटला तो सहा होता.

मी दुरुस्तीचा फॉर्म उघडला. सोळाच्या जागी सहा लिहिलं. बाबांची आठवण आली आणि बरं वाटलं, तसंच लियांगची माफी मागावीशी वाटली. लिहिणाऱ्याची संमती, हो. मग खाली बोलणाऱ्याची संमती, आणि पुढे तीन पर्याय: सहमत, असहमत, उपलब्ध नाही. बिपिन मागे येऊन उभा होता. म्हणाला, "शेवटचं टाक ना. उपलब्ध नाही. लगेच मंजूर होतं."

मी 'असहमत' निवडलं. आता ते तिसऱ्या कोणाकडे तपासायला जाईल, आठ दिवस लागतील, तो सहाच ठरवेल, आणि सहाच राहील. त्याखाली तुझं नाव आणि तुझं मत राहील. तू कधीच हो म्हणाला नव्हतास, आणि तुझं काही मतच नव्हतं असं खोटं लिहायला मी तयार नव्हते.

"हे काय?" बिपिन वैतागला. "अगं, गेला ना तो? गेलेला माणूस असहमत कसा असेल?"

"तू त्याला भेटला नाहीस ना," मी म्हटलं, "म्हणून विचारतोस."